टक्समॅथ, सात महिने वापरून: सत्तावीस म्हणजे आधी सात की आधी दोन?

आधीचं पैसेवालं गणिताचं ॲप सुटलं ते भांडूनच. फ्री ट्रायल संपायच्या आदल्या दिवशी बंद केलं, तरी खात्यातून २,४९९ रुपये गेलेच. चॅटवर दर वेळी 'गैरसोयीबद्दल क्षमस्व', की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. रिफंड अजून 'प्रोसेसमध्ये' आहे. त्याच तिरीमिरीत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलं आणि टक्समॅथ हा मुलांचा गणिताचा खेळ घेतला. फुकट, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. खेळ २००१ पासूनचा आहे आणि दिसतोही तसाच.

खेळ बहुतेकांना माहीत असेलच: गणितं घेऊन उल्का पडतात, उत्तर टाइप करून एंटर मारायचा, नाहीतर पेंग्विनचा इग्लू गेला. आमच्या तिसरीतल्या लेकीला त्या पेंग्विनची भारी काळजी.

पहिला महिनाभर मी सांगत सुटलो होतो की हिचे पाढे कच्चे आहेत, खेळाने उघडं पाडलं. मग एकदा मागे उभा राहून बघितलं. ९ × ३ ची उल्का आली. तोंडाने 'नऊ त्रिक सत्तावीस', आणि बोट आधी ७ वर, मग २ वर. ७२! इग्लू गेला. म्हणजे पाढा पक्काच होता. आपण म्हणताना सात आधी म्हणतो, लिहिताना दोन आधी. वहीत हे कधी दिसलंच नाही, कारण वहीत ती आधी ७ लिहून डावीकडे सोडलेल्या जागेत २ घालायची. कीबोर्डवर ती सोय नाही.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात सत्तावीससाठी 'वीस सात' आणलं, तेव्हा मी व्हॉट्सॲपवर तावातावाने विरोध केला होता. आता तेवढा ताव राहिला नाही. माझी आई मात्र ठाम. शेजारी मेथी निवडत बसते आणि मधेच, "वीस सात काय गं? सत्तावीस म्हण!" तेवढ्यात आणखी एक इग्लू.

खेळात सुरुवातीला नुसते आकडे टाइप करायचे धडे आहेत. मी ते बाळबोध म्हणून गाळले होते, तेच आता तीन आठवडे करून घेतले. वर साडेतीनशेचा यूएसबी नंबरपॅड, एवढाच काय तो खर्च.

बाकी, पाढे हा खेळ शिकवत नाही, आलेले घोटून घेतो. हातचा, शाब्दिक उदाहरणं यांच्यासाठी वहीच. टक्समॅथमधलाच दुसरा खेळ फॅक्टोरॉइड्स, मूळ संख्यांनी खडक फोडायचे, तो मीच रात्री खेळतो. लेकीला कंटाळा येतो.

७२ आता क्वचितच येतं. सध्या गाडी अडलीय ती सात साते एकोणपन्नासवर. कानात 'पन्नास' घुमतं आणि बोट थेट ५ वर.