फार्मवरून एकदम मटण घ्यावं की लागेल तसं दुकानातून?

मैत्रीण अडकलीय यात, म्हणून आधी पैशाचंच बघू. फार्मवरचा भाव कमी दिसतो पण तो बऱ्याचदा सोललेल्या अख्ख्या धडाचा असतो, हाडं-चरबी काढून हातात येतं ते बरंच कमी, म्हणून हिशोब हातात येणाऱ्या मटणावरच करा, कटिंग-पॅकिंग आणि फ्रीजरचं लाईटबिल पण त्यात धरा. एवढं करून चांगले पीस बहुतेक वेळा स्वस्तच पडतात, पण घरात नुसता खिमाच लागत असेल तर फारसा फरक उरत नाही.

टिकायचं म्हणाल तर उणे 18 डिग्रीला मोठे पीस वर्षभर छान राहतात, खिमा मात्र 3-4 महिन्यांत संपवा, नंतर चव जाते. पाकिटात हवा राहिली की कडेला पांढरट कोरडे डाग पडतात आणि तेवढा भाग चिवट लागतो, त्यामुळे पॅकिंग नीट बघूनच घ्या. लाईट गेली तर गच्च भरलेला फ्रीजर न उघडता साधारण 48 तास तग धरतो.

कष्ट दुकानात कमी, हवा तोच पीस मिळतो.

खाणारी माणसं जास्त, वेगळा फ्रीजर आणि कलेजी-पाय सगळं आवडीने संपत असेल तर बिनधास्त फार्म. दोघंच असाल तर दुकानच बरं, नाहीतर दोन-तीन घरांनी मिळून वाटून घ्या.