संघटनेचं जुनं दफ्तर द्यायचं कुणाला? सरकारी पुराभिलेखागार, विश्वस्त संस्था की आपलंच कपाट

परळ-लालबागच्या कामगार संघटनांकडे इतिवृत्ताच्या वह्या, पत्रव्यवहाराचे गठ्ठे, सभासदांची रजिस्टरं आणि फोटोंची पाकिटं असतात. इमारत पुनर्विकासाला निघाली की हे सगळं हलवायची घाई होते. ओल आणि वाळवीचा विचार सगळेच करतात, कायद्याचा मात्र कागद देऊन झाल्यावर. तेव्हा अटी घालायची वेळ गेलेली असते.

निवड करण्याआधी सरकारी फायली बाजूला काढा. सरकारी कार्यालयाने संघटनेला पाठवलेलं पत्र संघटनेचं असतं. त्या कार्यालयाची मूळ फाइल कुणा निवृत्त माणसाच्या ट्रंकेतून आली असेल, तर ती दान करायला तुमची नाही. ती संबंधित खात्याला पोच घेऊन परत करा. केंद्राच्या अभिलेखांना १९९३ चा कायदा लागतो आणि ते नियमबाह्य नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्याचा स्वतंत्र कायदा २००५ चा आहे.

राज्य सरकारचं पुराभिलेखागार म्हणजे पुराभिलेख संचालनालय. ते काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे आणि तिथल्या दफ्तराची परंपरा १८२१ पासूनची. टिकाव हाच हेतू असेल तर हा पर्याय भक्कम. पण सरकारी ताब्यात गेलेल्या कागदांना माहिती अधिकार लागतो. ‘२५ वर्षं कुणाला दाखवू नका’ ही तुमची अट त्या कायद्यापुढे आपोआप टिकत नाही. तुम्ही गोपनीय म्हणून दिलेला कागद कुणी मागितला, तर माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत तुम्हाला नोटीस द्यायची असते आणि म्हणणं मांडायला तुम्हाला दहा दिवस मिळतात. म्हणून गोपनीय गठ्ठे कोणते, ते देतानाच यादीत नावानिशी लिहा.

सरकारी अनुदानावर मुख्यत्वे न चालणारी विश्वस्त संस्था सहसा माहिती अधिकाराच्या थेट कक्षेत येत नाही, त्यामुळे तिथे अटी करारानेच टिकतात. मात्र ‘दान’ (मालकीही गेली) आणि ‘ठेव’ (मालकी तुमची, फक्त सांभाळायला दिलं) यांतला फरक कागदावर आणा. जंगम वस्तूचं दान नुसता ताबा दिल्यानेही पुरं होतं. मागाहून ‘आम्ही सांभाळायला दिलं होतं’ म्हणून चालत नाही. संस्था बंद पडली तर कागद कुठे जातील, हेही करारात हवं.

सगळ्यांत जास्त घोळ कॉपीराइटचा. आलेल्या पत्राचा कागद संघटनेचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुराची मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं: १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ ला खुलं झालं. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या पत्राची ६० वर्षं मात्र पहिल्या प्रकाशनानंतरच मोजतात, म्हणून जुनं आहे तेवढ्यावर ते मोकळं समजू नका. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहात ठेवलेल्या अशा पत्राची प्रत अभ्यासासाठी काढता येते, पण लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली हवीत. ही सवलत घरच्या कपाटाला नाही. संघटनेच्या स्वतःच्या मजकुराचा हक्क देताना लेखी, सहीनिशी द्या आणि मुदत व प्रदेश नमूद करा. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

कागद स्वतःकडे ठेवून स्कॅन करणं सोपं वाटतं. वही कागदावर आहे तोवर टप्प्याटप्प्याने लागू होणारा २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तिला लागत नाही, स्कॅन झाली की लागतो. अभिलेख जतनाला त्यात सूट आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. त्याच स्कॅनवरून म्हाडाच्या घरासाठी कुणा गिरणी कामगाराची पात्रता ताडली, तर त्या वापराला सूट नाही. संबंधिताची संमती घेऊनच तो करावा.

परदेशी विद्यापीठाला स्कॅन द्या, मूळ नको. ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आमचं मत: इतिवृत्तं आणि छापील पत्रकं संचालनालयाला विचारून तिकडे द्यावीत. आजारपण, तक्रारी, कर्ज यांच्या नोंदी असलेली रजिस्टरं विश्वस्त संस्थेकडे ठेव म्हणून ठेवावीत. दोन्हीकडे कार्यकारिणीचा ठराव, गठ्ठ्यागणिक पानांची संख्या लिहिलेली यादी आणि सही-शिक्क्याची ताबापावती मिळाल्याशिवाय टेम्पो भरू नये.