15 रुपयांत मिळणारा सातबारा

महाराष्ट्र शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळण्याची सोय 1 मे 2018 रोजी सुरू झाली. गेल्या काही वर्षांत या सेवेचा मी अनेकदा उपयोग केला आहे. मोबाइल क्रमांकावर आलेला ओटीपी भरून जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडला की 15 रुपयांत उतारा हाती येतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज उरत नाही. ज्या कागदासाठी आमच्या वडिलांनी सज्जाच्या, म्हणजे तलाठ्याच्या, कार्यालयाचे उंबरठे झिजवले, तो घरबसल्या मिळावा, याचे मोल मला फार वाटते.

मात्र संगणक नोंद जशी आहे तशीच छापतो. वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद झाली आणि आईच्या 'सुमन' या नावातील उकार गळून उताऱ्यावर 'समन' असे उमटले. पीककर्ज देणाऱ्या बँकेने आधार कार्डाशी नाव जुळत नाही म्हणून प्रकरण परत पाठवले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील (सातबारा हा त्याचाच भाग) नोंद, ती चुकीची असल्याचे सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. त्यामुळे गळालेल्या एका उकाराचा भार शेवटी आईवरच पडला.

अशा लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम 155 खाली अर्ज करता येतो. आम्ही तो केला, पण उतारा दोन मिनिटांत मिळत असताना दुरुस्तीसाठी तालुक्याच्या कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक खेपेला आईचा शेतातला एक दिवस बुडाला. या व्यवस्थेतील मोठी उणीव मला येथेच दिसते.

खरे तर चूक आधीच पकडता आली असती. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदलाची, नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि 'आपली चावडी' या पानावर ही नोटीस कोणालाही विनामूल्य पाहता येते. ज्यांच्या घरी वारसनोंद किंवा खरेदीची नोंद चालू आहे, त्यांनी ते पान रोज उघडावे आणि नावातला प्रत्येक काना, मात्रा व उकार तपासावा.

नव्या नमुन्यातील उतारा वाचायला सोपा झाला आहे. क्षेत्राचे एकक स्पष्ट लिहिलेले असते आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही दिसतो. केवळ माहितीसाठी विनास्वाक्षरीचा उतारा शासनाच्या भूलेख या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, तेव्हा आधी तो नीट वाचून मगच 15 रुपये भरावेत. आमच्या दुरुस्त उताऱ्यावर आता आईचे नाव बरोबर आहे आणि कर्जाचे प्रकरण बँकेत पुन्हा दाखल झाले आहे.