नवीन वायफाय राऊटर, आठ महिन्यांनंतरचा अनुभव (लांबलाय, चहा घेऊन बसा)

आठ महिने झाले राऊटर घेऊन. खरं तर तिसऱ्याच दिवशी एक स्टारवाला रिव्ह्यू लिहायला बसले होते, अर्धा लिहूनही झाला आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं म्हणून तो पोस्ट झाला नाही. बरंच झालं. कारण त्यात मी ज्या तीन गोष्टींवरून राऊटरला शिव्या घातल्या होत्या (स्पीड येत नाही, मागच्या खोलीत रेंज नाही, स्मार्ट प्लग जोडलाच जात नाही) त्यातली एकच खरी त्याची होती. बाकीच्या दोन माझ्या.

आधी मॉडेलबद्दल थोडं, कारण खोक्यावरचे आकडे बघून मीही फसले होते. एएक्स ३००० म्हणजे वायफाय ६ चा राऊटर. मला वाटलं ३००० म्हणजे ३००० चा स्पीड. तसं काही नसतं, राऊटरचे दोन बँड (लहरींचे पट्टे) असतात, त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ अशी बेरीज करून, वर गोल करून तो आकडा छापतात. आपला फोन एका वेळी दोन्हीपैकी एकाच बँडवर असतो, त्यामुळे त्या बेरजेला तसा काही अर्थ नाही. शिवाय २४०२ सुद्धा चॅनल (बँडमधली आपली लेन) १६० मेगाहर्ट्झ रुंद ठेवला तरच, आणि त्या रुंदीने पुढे मला काय रडवलं ते सांगतेच. आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला ३०० मेगाबिट) आहे, त्याला हा राऊटर पुरून उरतो.

कंपनीने कनेक्शनसोबत दिलेला जो डबा असतो (फायबर येते तो), त्यातही वायफाय होतंच, पण मागच्या खोलीत नावालाच. म्हणून हा घेतला. जोडणी सोपी वाटली होती, डब्यातून एक केबल काढायची आणि नव्या राऊटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत येतं त्या खाचेत) घालायची, झालं. पण नेटच येईना! कारण दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. एकाच पत्त्यावर दोन घरं, पोस्टमन जाणार कुठे? मग मधली केबल काढली, लॅपटॉप नव्या राऊटरला जोडला, त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला, परत केबल लावली.

तरी एक भानगड राहिलीच. डबा एकदा पत्ते वाटतो, त्याच्या मागे राऊटर परत वाटतो, याला डबल नॅट म्हणतात. व्हिडिओ बघायला, ब्राउझिंगला काही फरक पडत नाही, पण चिरंजीवांच्या गेमिंग कन्सोलवर 'नॅट टाईप स्ट्रिक्ट' यायला लागलं आणि मित्रांशी खेळता येईना, म्हणजे घरात शांतता अशक्य. उपाय म्हणजे डबा ब्रिज मोडवर टाकायचा, मग तो फक्त लाईन पुढे देतो आणि सगळं काम राऊटर करतो. हे कंपनीला फोन करून करून घ्यावं लागलं, आणि पीपीपीओईचा (म्हणजे राऊटरने कंपनीकडे लॉगिन करायचा) युजरनेम पासवर्डही त्यांच्याकडूनच मागून घ्यावा लागला. फोनवरचा मुलगा पहिले दोन दिवस "मॅडम, रीस्टार्ट करून बघा" याच्या पुढे जाईना. तिसऱ्या दिवशी ज्याने उचलला त्याने चार मिनिटांत करून दिलं. एक टीप घ्या, तो पासवर्ड आधी कागदावर उतरवा आणि मगच ब्रिज मोड मागा, नाहीतर जुनं बंद आणि नवं सुरू नाही अशी अवस्था होते. आमची एक अख्खी संध्याकाळ तशीच गेली होती.

आता ते स्पीडचं. ३०० चा प्लॅन आणि स्पीड टेस्टमध्ये ९४. दरवेळी ९४. फोनवर ९४, लॅपटॉपवर ९४, राऊटरच्या नाकासमोर उभं राहून ९३.८. रात्री दोनला उठून बघितलं, ९४. मी राऊटरला शिव्या, नवरा कंपनीला शिव्या. आता कळतं की हा आकडाच चुगली करत होता. वायफायचा स्पीड सारखा वरखाली होतो, तो असा एका आकड्यावर चिकटून बसत नाही. ९४ वर चिकटलाय म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची केबल किंवा पोर्ट आहे, १०० मधले पाच सहा वरखर्चाला जातात आणि हातात ९४ येतात. राऊटरच्या पेजवर वॅन पोर्टासमोर स्वच्छ लिहिलेलं होतं १०० एमबीपीएस म्हणून, मी तिकडे कधी बघितलंच नव्हतं.

केबल मी ड्रॉवरमधली जुनी वापरली होती. राऊटरसोबत आलेली आखूड पडत होती ना. ती जुनी काढून मोबाईलच्या टॉर्चमध्ये जॅक धरला. आत आठ बारक्या रंगीत तारा असतात, दोन दोनच्या चार जोड्या. नारिंगी दिसली, हिरवी दिसली, निळी दिसली, तपकिरी मात्र टोकापर्यंत पोचलीच नव्हती, मध्येच मागे सरकून बसलेली, सोन्याच्या पिनेच्या खाली नुसती पोकळी. १०० च्या स्पीडला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला (म्हणजे १००० ला) चारही. त्यामुळे नेट बंद पडत नाही, तक्रार येत नाही, डबा आणि राऊटर दोघं गुपचूप १०० वर तडजोड करून मोकळे होतात. कॅट ६ ची (गिगाबिट झेपणारी) तयार केबल आणली, लावली, पहिल्याच टेस्टला २९१. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो, आठवडाभर आम्ही कुणाकुणाशी भांडलो होतो त्याचा हिशोब करत.

(आणि हो, ३०० एमबीपीएस म्हणजे फाईल सेकंदाला ३०० एमबी उतरणार असं नाही. बिट आणि बाईट वेगळे, ८ ने भागा, साडेसदतीसच्या आसपास येतं. हे आमच्या ह्यांना अजून पटलेलं नाही.)

मागच्या खोलीची गोष्ट अजून लाजिरवाणी आहे. राऊटर मी टीव्हीच्या मागे ठेवला होता कारण दिसायला बरं दिसत नव्हतं ते चार शिंगांचं प्रकरण. टीव्हीची पाठ धातूची, आणि त्याच रेषेत पलीकडे लोखंडी कपाट, त्याच्या दारावर अख्खा आरसा. वायफायला अडवायचं ठरवून कुणी रचना केली असती तरी याहून चांगली जमली नसती. वर मी हुशारीने चारही अँटेना मागच्या खोलीकडे बोट दाखवल्यासारख्या आडव्या वळवल्या होत्या, म्हणजे रेंज तिकडे जाईल! या अँटेना टॉर्च नाहीत हो. त्यांच्या आजूबाजूला मेदूवड्याच्या आकारात सिग्नल पसरतो आणि टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी असतो, म्हणजे मी वड्याचं भोक मागच्या खोलीकडे करून ठेवलं होतं. सासरे रोज विचारायचे, "अगं, तुझं ते नवीन यंत्र झोपलंय वाटतं?" मी म्हणायचे, "बाबा, फोन जुना आहे तुमचा." फोनचा काही दोष नव्हता.

शेवटी लांब केबल टाकून राऊटर पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीवर फळीवर ठेवला, अँटेना सरळ उभ्या केल्या. मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर १२ यायचे ते १८० च्या पुढे गेले. दार लावलं की थोडे कमी. रिपीटर घ्यायचा विचार चालला होता तो रद्द. स्वस्तातला रिपीटर तसाही ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. तेव्हा आधी जागा बदलून बघा, त्याला काही लागत नाही.

आता राऊटरची खरी तक्रार. दोन्ही बँडना एकच नाव देणारी 'स्मार्ट कनेक्ट' सेटिंग चालूच येते आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए २ आणि ३ (वायफायच्या कुलपाचे जुने आणि नवे प्रकार) ची मिक्स. फोन लॅपटॉपला हे झकास. पण स्मार्ट प्लगसारख्या वस्तूंना बहुतेक वेळा फक्त २.४ कळतं. आमचा प्लग जोडताना फोन ५ वर, प्लग २.४ शोधतोय, आणि वर त्याला डब्ल्यूपीए ३ चं वावडं. चौदा वेळा रीसेट केला, तो नुसता डोळे मिचकावत बसायचा. नावं वेगळी करायची सोय या राऊटरच्या मोबाईल ॲपमध्ये नाहीच्चे, ती फक्त ब्राउझरच्या पेजवर, तिसऱ्या मेनूत, 'ॲडव्हान्स्ड' च्या आत. ॲपमध्ये मात्र पहिल्याच स्क्रीनवर रंगीत आलेख. शेवटी २.४ ला वेगळं नाव दिलं, त्याला साधं डब्ल्यूपीए २ ठेवलं, प्लग एका मिनिटात जोडला गेला. २.४ चा चॅनलही तेव्हाच ऑटोवरून काढला. तिथे १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि रुंदी २० च ठेवा, ४० केली तर शेजारच्या सगळ्यांशी टक्कर.

दुसऱ्या महिन्यात नवीनच तमाशा. ५ गिगाहर्ट्झ मधूनच गायब. नाव यादीतूनच जायचं, एखाद मिनिटाने परत यायचं. ऐन मीटिंगमध्ये. मला वाटलं गरम होतोय, पंखा लावला, उलटा ठेवून बघितला. मग एकदा सिस्टीम लॉग उघडला आणि त्यात चक्क 'रडार डिटेक्टेड' असं लिहिलेलं. मी हौसेने १६० मेगाहर्ट्झ चालू केलं होतं ना, एवढी रुंदी घ्यायची तर ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ मधले चॅनल लागतातच, आणि ते हवामान खात्याच्या वगैरे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. नियमच असा की रडारसारखं काही ऐकू आलं की राऊटरने जागा सोडायची, आणि अशा नव्या चॅनलवर बसायच्या आधी किमान ६० सेकंद गप्प बसून ऐकायचं. म्हणजे बिचारा नियम पाळत होता आणि मी त्याच्यावर पंखा सोडला होता. रुंदी ८० केली, चॅनल ३६ ठेवला, तेव्हापासून एकदाही गेलं नाही. ३०० च्या प्लॅनला ८० भरपूर होतं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली, ती म्हणजे क्यूओएस, कुणाच्या ट्रॅफिकला किती वाट द्यायची ते ठरवणारी सेटिंग. आमच्याकडे कुणाचा तरी फोन रात्री फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला की व्हिडिओ कॉल तुटायचे, स्पीड टेस्ट तर छान दाखवायची. कारण अपलोडची रांग तुंबते आणि कॉलची छोटी छोटी पाकिटं त्या रांगेत मागे अडकतात. साधा पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) ९ मिलिसेकंद, बॅकअप चालू असताना ३०० च्या वर. क्यूओएसमध्ये अपलोड खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर बांधला, पिंग ३० च्या आत आला. बदल्यात डाउनलोड थोडा उतरला, २९१ चा २६० च्या आसपास, कारण हे चालू केलं की राऊटरच्या प्रोसेसरला प्रत्येक पाकीट स्वतः हाताळावं लागतं. मला चालतं. चिरंजीवांना आकडा कमी दिसतो म्हणून चालत नाही, पण गेम अडकत नाही हे कबूल करतो.

बाकीचं भराभर. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद केलं, त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी या नव्या राऊटरवर चालूच आलं. बाहेरून ॲडमिन पेज उघडायची सोय बंद. ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क, फक्त त्यावरून प्रिंटर दिसत नाही, आणि दिसू नयेच. आठ महिन्यांत फर्मवेअरचे (राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) दोन अपडेट आले, दुसऱ्याने माझा चॅनल गुपचूप परत ऑटोवर नेला, तेव्हा अपडेटच्या आधी सेटिंगची फाईल उतरवून ठेवा. लाईट जाते त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, आणि फायबरचा डबाही त्याच्यावर हवा. मी आधी एकट्या राऊटरलाच लावला होता, वायफायच्या दांड्या फुल्ल आणि नेट शून्य.

एकंदर चार स्टार. एक ॲपचा कापला.

ती जुनी केबल मी फेकली नाही, तिला गाठ मारून ड्रॉवरच्या तळाशी ठेवली होती. परवा चिरंजीवांनी कन्सोल केबलवर घ्यायचा ठरवला, आणि अर्ध्या तासाने खोलीतून आवाज आला, "आई, राऊटर बिघडलाय, ९४ च्या वर जातच नाहीये."