तळपाय दाबून रोग ‘दाखवणाऱ्या’ शिबिरांपासून सावध राहा

कापसाचे पैसे हातात यायला लागले की आपल्या खान्देशात गावोगाव मोफत तपासणी शिबिरं लागतात. चोपडा तालुक्यात आमच्या गावाजवळच्या मंगल कार्यालयात लागलेल्या अशाच एका शिबिरात माझी माय फसली. पैसे गेलेच, पण पायाला जे झालं ते जास्त भयंकर आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

मायचे गुडघे बऱ्याच वर्षांपासून दुखतात. उभा जन्म शेतात वाकून गेलेला, त्यात शुगर. शिबिरातल्या पांढऱ्या कोटवाल्याने तिचा पाय मांडीवर घेतला, भिंतीवरचा रिफ्लेक्सॉलॉजीचा, म्हणजे तळव्याचा कोणता पॉइंट कोणत्या अवयवाचा हे सांगणारा रंगीत तक्ता दाखवला आणि टाचेच्या कडेला लाकडी जिम्मी (पॉइंट दाबायची टोकदार कांडी) दाबली. माय कळवळली. “बघा, गुडघ्याचा पॉइंट जाम आहे.” तळव्याच्या मधोमध दाबलं, तिथेही ती ओरडली. “किडनीवर लोड आहे, माय.” रांगेतल्या प्रत्येकाला असंच काही ना काही निघत होतं. लाकडाच्या टोकाने एवढ्या जोरात दाबलं तर धडधाकट माणसाचाही पाय दुखतो. घरी स्वतःच्या तळव्यावर करून बघा.

बोटांखाली दाबलं तेव्हा मात्र तिला काहीच जाणवलं नाही. “इथे सगळं क्लिअर,” तो म्हणाला. खरा धोका तिथेच होता. शुगरने नसा खराब होतात तेव्हा बधिरपणा बहुतेक वेळा बोटांपासूनच सुरू होतो.

पंधरा हजारांचं पॅकेज माथी मारलं: चुंबकाचे इनसोल, पाय ठेवायचं गरम होणारं मशीन आणि टोकदार मॅट. वर सांगितलं, शुगरच्या गोळ्या बंद करा, नाहीतर पॉइंट उघडणार नाहीत. सुरुवातीला माय म्हणायची, “माले बरं वाटस.” ते खोटं नव्हतं. पाय चोळले, शेकले की आराम पडतोच, दुखणं थोडा वेळ सुसह्य होतं. आपल्या घरांत काशाच्या वाटीने तळपाय घासतात ते त्यासाठीच. पण त्या मशीनने अंगठ्याखाली फोड आला आणि तिला कळलंसुद्धा नाही. पायमोजा ओला लागला तेव्हा आम्ही पाय उलटा करून पाहिला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा बोटांना टेकवला. ती “लावा ना” म्हणत राहिली, धागा तर टेकलेलाच होता. जखम भरायला फार वेळ लागला. अंगठा वाचला, हे डॉक्टरांचे उपकार.

ही हजारो वर्षांची आपली विद्या आहे, असं तिथे ठासून सांगत होते. रिफ्लेक्सॉलॉजीचा तो तक्ता अमेरिकेतला आहे. डॉ. विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे झोन, म्हणजे पट्टे, कल्पिले आणि १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी त्यावरून तळव्याचा नकाशा केला. हलक्या हाताने करून घेतलं आणि औषधं चालू ठेवली तर दुखण्यात थोडा दिलासा म्हणून ठीक आहे. तळवा दाबून किडनी-थायरॉइडचं निदान होतं, याला मात्र काही आधार नाही. शुगर असेल, पायाला जखम असेल किंवा पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. पोटरीत रक्ताची गाठ असेल तर चोळणं जिवावर बेतू शकतं.

त्यांचं पत्रक जपून ठेवा. “शुगर मुळापासून बरी करू” अशी जाहिरात करायला १९५४च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पक्कं बिल मागाच. आम्हाला मिळालेल्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं. त्यांचा फोन आता बंद आहे. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. ग्रामपंचायतीलाही अर्ज केलाय, की शिबिर लावू देण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्राची झेरॉक्स घ्यावी. तुमच्या गावातही असा अर्ज द्यायचा असेल तर सांगा, नमुना पाठवते.