जनरेटर जोडताना: हाती चेंजओव्हर की एएमएफ पॅनल?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्याला १५ केव्हीएचा थ्री-फेज डिझेल जनरेटर धरू. पूर्ण लोडला साधारण २१ अँपिअर, म्हणजे ४० अँपिअरचा फोर-पोल चेंजओव्हर (महावितरण की जनरेटर, हे हँडलनं निवडायचा स्विच) पुरतो. फोर-पोलच घ्या, तिन्ही फेजांबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. हँडल एका वेळी एकाच बाजूला बसतं, त्यामुळे जनरेटरची वीज महावितरणच्या लाईनवर उलटी जात नाही. गेली, तर ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करतो आणि खांबावरचा वायरमन तिच्या झटक्यात सापडतो. सॉकेटमधून उलटा प्लग लावायचा जुगाड म्हणूनच नको.

एएमएफ (ऑटो मेन्स फेल्युअर) पॅनल वीज गेल्यावर काही सेकंदांत जनरेटर आपोआप चालू करतं. शीतगृह, दवाखाना, रात्री माणूस नसलेली जागा यांना हेच बरं. पण त्यातल्या दोन्ही कॉन्टॅक्टरना (विजेवर चालणाऱ्या स्विचना) मेकॅनिकल इंटरलॉक, म्हणजे एक बसला की दुसरा बसूच न देणारा अडसर, हवाच; नुसत्या इलेक्ट्रिकलवर विसंबू नका. बहुतेक वेळा दगा देते ती जनरेटर सुरू करणारी बॅटरी: चार्जर बंद पडलेला कुणाच्या लक्षात येत नाही. आठवड्याला एकदा चालवून बघा. लेथवर नो-व्होल्ट कॉइलचा (वीज गेली की मोटर तोडून टाकणारा) स्टार्टर नसेल, तर वीज येताच चक, म्हणजे काम धरणारा भाग, आपोआप फिरायला लागेल.

माणूस कायम हजर असेल तर आम्ही हाती चेंजओव्हरच सुचवू.

अर्थिंग दोन्हीकडे सारखंच: न्यूट्रलला दोन खड्डे, बॉडीला दोन. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात चौथरा २०१९च्या पाणीरेषेच्या वर घ्या, पॅनलही.