जुन्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं आणि साधा डिजिटल कॅलिपर

कॅलिपर म्हणजे जबड्यांत वस्तू धरून माप दाखवणारं साधन. माझा सहा इंची, स्टेनलेस स्टीलचा. पडद्यावर 0.01 मिमी दिसतं, पण खरी अचूकता ±0.02 ते 0.03, शेवटच्या आकड्यावर फार जीव टाकू नका. काडतूस ओळखायला तेवढं भरपूर आहे. .38 एस अँड डब्ल्यूची (स्मिथ अँड वेसन) गोळी 9.17 मिमी जाड, .38 स्पेशलची 9.07. नावं जुळ्या भावांची, माल वेगळा! केसची, म्हणजे गोळी बसते त्या नळकांड्याची, लांबी 19.7 आणि 29.3, ती तर नुसत्या डोळ्यांनाही कळते.

खरी गोची आतल्या जबड्यांची. त्यांच्या कडा सपाट, त्यामुळे लहान गोल भोकात माप नेहमी थोडं कमीच येतं. सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) भोकांच्या तोंडासाठी पिन गेजच, म्हणजे ठरावीक जाडीच्या मापाच्या सळयाच, हव्यात. नळीचं आतलं माप घ्यायला रिकाम्या नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून काढला, तरी सुटका नाही: नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये बहुधा 5, वेब्ली मार्क 6 या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरमध्ये 7. विषम खाचांमुळे शिशावरच्या उंचवट्यासमोर खळगा येतो आणि कॅलिपर पुन्हा कमी दाखवतो. तिथे व्ही-अँव्हिल मायक्रोमीटरला (व्ही आकाराच्या खोबणीत वस्तू टेकवून मोजणाऱ्या साधनाला) पर्याय नाही.

मोजण्याआधी जबडे पुसून शून्य करा. बंद असतानाही कॅलिपर आपला बटण-सेल पीत राहतो, सेल काढूनच ठेवा. एवढं सांभाळलं तर पैसे वसूल.